थोरल्यांचा होकार

तुम्हीच सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? ज्याचं घर मोठं त्याच्यावर, की ज्याचा आवाज भरीव त्याच्यावर? घाईने उत्तर देऊ नका. मडकं घ्यायला गेलेली बाई मडक्याच्या रंगावर जात नाही, ती त्याला टिचकी मारून कान लावते. नारळ घेणारा नारळ हलवून बघतो. एका व्यापाऱ्याने गुळाची ढेप न फोडता घेतली, कारण ती दिसायला सोन्यासारखी होती. घरी येऊन फोडली तर आत दगड. तो भांडायला परत गेला, तेव्हा विकणारा हसून म्हणाला, "शेठ, तुम्ही वजन विचारलंत, ते बरोबर भरलं. आत काय आहे ते कुठे विचारलंत?" तेव्हा ठोकून बघणं ही जुनी अक्कल खरी. पण ठोकून बघणारेही फसतात. अख्खं गाव ठोकून ठोकून फसतं. ते कसं, ते ऐका.

एक किनारा होता. तिथे शंखात राहणारे खेकडे नांदत होते, आणि त्यांच्यातल्या एकानेही आपलं घर स्वतः बांधलेलं नव्हतं. प्रत्येक घर कोणा मेलेल्याचं होतं. शंख बनवणारे कोण होते आणि कुठे गेले, हे तिथे कोणी विचारत नसे. समुद्र रिकामे शंख आणून टाकी आणि खेकडे त्यात शिरत. कारण या जातीच्या खेकड्याचं पुढचं अंग टणक असलं, तरी मागचं अंग उघडं आणि मऊ असतं. शंखावाचून तो म्हणजे सोललेलं फळ.

घर मोठं झालं की नावही मोठं होई, अशी तिथली रीत होती. कवडीएवढ्या शंखात होता तोवर गोमा हा नुसता गोमा होता. लिंबाएवढ्या शंखात गेला तेव्हा गोमाजी झाला. त्यापुढच्या शंखाला फिकट गुलाबी ओठ होता, त्यात तो गोमाजीराव झाला. नाव ऐकल्यावर शंख बघायची गरज नसे, आणि शंख बघितल्यावर आतल्याला बघायची गरज नसे.

घरं बदलायची तीही रांगेने. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, उन्हं कलल्यावर, सपाट कातळावर सगळे जमत आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभे राहत. मग प्रत्येक जण आपल्या पुढच्याच्या शंखावर नांगीने ठोकी. आवाज बद्द आला, तर समजायचं की आतला घरभर वाढला आहे आणि आता मोठ्या घराला लायक झाला आहे. आवाज पोकळ आला, तर त्याने आहे तिथेच राहायचं. लायक असलेला त्याला ओलांडून पुढे जाई. मग समुद्राने आणलेला रिकामा शंख मापाप्रमाणे रांगेत मांडत, आणि त्याच्या मागचे सगळे एकदम आपापल्या घरातून निघत आणि पुढच्या घरात शिरत.

या अदलाबदलीत घटकाभर सगळा गाव उघडा पडे. त्यासाठी एक नियम होता, आणि तो तिथला सर्वांत जुना नियम होता: त्या वेळी प्रत्येकाने तोंड समुद्राकडे करायचं. रांगेतला शेवटचा जीव नव्या घरात शिरून "झालं" म्हणून ओरडेपर्यंत कोणी मान वळवायची नाही. उघड्या अंगाकडे बघणं याहून मोठा अपराध तिथे नव्हता. त्यामुळे शेजाऱ्याचा शंख सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि शेजारी मात्र कोणी कोणाचा पाहिलेला नव्हता.

रांगेच्या अगदी पुढे, कातळाच्या उंचवट्यावर, थोरले होते. पांढरा, उन्हात चमकणारा, गोमासारखे दहा जण मावतील एवढा शंख. त्यांचं जुनं नाव आता कोणाला आठवत नव्हतं. नावाच्या पुढे गेलेल्याला थोरले म्हणत. ते कधी हलत नसत. दुसऱ्या जागेवरचा मानकरी त्यांच्या शंखावर ठोकून विचारी, "थोरले, रांग हलवू का?" मग आतून खोल, लांब आवाज येई: "हूं." तो होकार आला की रांग हले. वारा पडलेल्या दिवशी थोरले बोलत नसत. लोक म्हणत, आज त्यांचं मन नाही. आणि लागोपाठ दोन अमावास्या ते बोलले नाहीत, तर ते समुद्राच्या तळाशी आणखी मोठ्या घरात गेले असं धरायचं, आणि दुसऱ्याने त्यांच्या जागी शिरायचं.

गोमाला त्या जागी जायचं होतं. कवडीत होता तेव्हापासून.

आता वाढायचं, तर खेकड्याला कात टाकावी लागते. पाठ खाजू लागते, जुनं कवच आवळू लागतं. मग ओल्या वाळूत स्वतःला पुरून घ्यायचं, अंधारात पडून राहायचं, आणि जुनी कात फोडून बाहेर यायचं. बाहेर आल्यावरही काही दिवस अंग लोण्यासारखं मऊ राहतं. तेवढ्यात अमावास्या होऊन गेली की रांगेतली जागा गेली. गोमाने पहिल्याने हा विचार केला, तेव्हा त्याच्यापुढे फक्त चौघे उरले होते. त्याने पाठ कातळावर घासली आणि खाज दाबली. पण घर पोकळ वाजू लागलं होतं. तेव्हा त्याने ओली वाळू आणली आणि शंखाच्या मागच्या वळणात ठासून भरली.

पुढच्या रांगेत लखू नावाच्या खेकड्याने त्याच्या शंखावर ठोकलं. आवाज असा बद्द आला, की लखू आदराने मागे सरला. "काय भरलात हो," तो म्हणाला. "अंग धरलंत अगदी."

गोमाजीराव त्या दिवशी गोमाजीरावसाहेब झाले.

त्याची थोरली बहीण मथुराआक्का त्या रांगेत नव्हती. तिने दोनदा कात टाकली होती, दोनदा जागा घालवली होती, आणि आता कातळामागच्या झऱ्यापाशी, टोकाला चीर गेलेल्या एका मळकट शंखात राहत होती. नाव तिचं नुसतं मथुरा. आक्का म्हणणारा एक गोमाच. तो तिला भेटायला येई, पण दर खेपेला त्याला जास्त वेळ लागे. घर मोठं होत गेलं तसं त्याचं पाऊल लहान होत गेलं होतं.

"ये, साहेब," ती म्हणे. "बस. म्हणजे बसलायसच, उठवत कुठे तुला."

"आक्का, लोकांदेखत असं बोलू नकोस."

"लोक कुठायत इथे? झरा आहे आणि मी आहे." मग ती मिशा पुढे करून त्याच्या पुढच्या पायांना स्पर्श करी. "गोमा, पाय पांढरे पडलेत तुझे. पाठ खाजते ना?"

"सगळ्यांचीच खाजते."

"सगळ्यांची खाजते म्हणून कोणाची थांबत नाही. आपला धाकटा काका असाच गेला. कात आतल्या आत आवळली आणि उभ्याउभ्या वाळला. शंख मात्र छान होता हो त्याचा. मयताला सगळे शंखाचंच कौतुक करत होते." तिने झऱ्याकाठची वाळू नांगीने जराशी उकरली. "ही जागा मी तुझ्यासाठी मऊ ठेवली आहे. मी वर बसून राहीन. कोणी येणार नाही."

"एवढी एक रांग होऊ दे, आक्का. माझ्यापुढे आता थोरलेच आहेत."

"आणि मग?"

"मग काय, मग मी थोरला. थोरल्याला रांग नाही. सावकाश कात टाकीन."

"थोरल्यांना कात टाकताना कोणी पाहिलंय?"

गोमा जायला वळला. त्याला घाई होती, आणि परत जायला वेळ लागणार होता.

त्या वर्षी वारा पडला. पहिल्या अमावास्येला गोमाने थोरल्यांच्या शंखावर ठोकलं आणि आतून काहीच आलं नाही. रांग तशीच परतली. त्या महिन्यात त्याची खाज थांबली, आणि त्याला बरं वाटलं. पण मग त्याच्या ध्यानात आलं, की पाठच जाणवत नाही. नांगी उघडताना कटकन आवाज होई. जेवणाचा घास तोंडापर्यंत नेईतो पाय थरथरत. अंगाभोवती कोणी ओलं सुंभ आवळून बांधावं आणि ते दिवसेंदिवस वाळत जावं, तसं त्याला होई.

दुसऱ्या अमावास्येला समुद्र तेलासारखा पडून होता. कातळावर सावल्या लांबल्या होत्या, आणि एवढ्या जमावात कोणाच्या पायाचाही आवाज नव्हता. गोमा पुढे झाला. त्याने ठोकलं.

"थोरले, रांग हलवू का?"

काहीच नाही.

"पुन्हा विचारा, रावसाहेब," मागून लखू म्हणाला. लखू आता लखूजीराव होता आणि गोमाच्या पाठीशी उभा होता.

गोमाने पुन्हा ठोकलं. पांढऱ्या शंखाच्या ओठाचा एक टवका निघून खाली पडला. आतून आवाज आला नाही.

"गेले," कोणीतरी पुटपुटलं. "थोरले समुद्राला गेले." आणि ते कुजबुजतच रांगेच्या शेपटापर्यंत पोचलं. मग सगळ्यांनी, न सांगता, तोंडं समुद्राकडे वळवली.

गोमा आपल्या शंखातून बाहेर आला. त्याचं उघडं अंग वाऱ्यावाचूनच्या हवेत गार पडलं. किती दिवसांनी त्याने स्वतःला पाहिलं. एवढ्या मोठ्या घरातून एवढासा जीव निघावा, याचं त्यालाही आश्चर्य वाटलं. तो गोमाजी असताना जेवढा होता, तेवढाच होता. पण बघणारं कोणी नव्हतं. तो झटकन थोरल्यांच्या शंखात शिरला.

आत आधी उजेड होता. दुधासारखा, भिंतींतून झिरपलेला. पहिल्या वळणावर तो कमी झाला. तिथे गोमाच्या मिशा कशाला तरी लागल्या.

एक खेकडा पाठमोरा बसला होता.

"माफ करा," गोमा म्हणाला. "तुम्ही गेलात असं वाटलं."

तो हलला नाही. गोमाने भीत भीत नांगी लावली. नांगी कवचातून आरपार गेली, जशी वाळक्या पानातून जावी. आत काही नव्हतं. अंग आवळून आवळून वाळलेलं, पाय पांढरे, मागच्या बाजूला ओलीची खूण राहिलेली थोडी वाळू. गोमाने त्याच्या पलीकडे पाहिलं. पलीकडे आणखी एक होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. शंखाच्या वळणावळणाने ते आत गेले होते, एकामागे एक, सगळ्यांची तोंडं आतल्या काळोखाकडे. आत एक रांग होती.

आणि त्यातला एकही गोमाहून मोठा नव्हता. सगळे त्याच्याच अंगाचे होते. जणू कोणीतरी त्यालाच पुन्हा पुन्हा वाळवून ओळीत मांडून ठेवलं होतं. सगळ्यांत शेवटच्या वळणापुढे उरलेली जागा मोठी, स्वच्छ आणि रिकामी होती. तिथवर कोणी पोचलेलं दिसत नव्हतं.

शंखाच्या तोंडाशी, पहिल्या सांगाड्याच्या मागे, बरोबर एका खेकड्याची जागा मोकळी होती. गोमा त्या जागेवर उभा होता.

तेवढ्यात वारा सुटला.

तो आधी शंखाच्या ओठावरून गेला, मग आत आला. पोकळ कवचांतून घुमला, वाळक्या पायांना हलवून गेला, आणि सगळ्या रांगेने एकाच वेळी, गोमाच्या चहूबाजूंनी, म्हटलं: "हूं."

बाहेर आनंदाचा गलका झाला. "थोरले बोलले! गोमाजीराव बोलले!" मग शंखांवर शंख घासल्याचा आवाज. रांग हलली होती. लखूजीराव गोमाच्या सोडलेल्या घरात शिरला होता. त्याला तिथे वाळू सापडली. त्याने ती बाहेर काढली नाही. वरून आपली थोडी घातली.

गोमाला परत जायला घर उरलं नाही. आत राहायचं, तर जागा तयार होती. बाहेर जायचं, तर उघड्याने जायचं, सगळ्या गावासमोरून. झऱ्याची वाट रांगेला लागूनच जात होती.

त्याच्या पाठीत काहीतरी उललं. बारीक, कोरडा आवाज झाला, आणि किती दिवसांनी त्याला दुखलं. त्या दुखण्याने त्याला धीर आला. तो वळला आणि बाहेर पडला.

रांगेतला शेवटचा अजून "झालं" म्हणाला नव्हता. सगळा गाव समुद्राकडे तोंड करून उभा होता. गोमा आपलं उघडं, मऊ, वाकडं अंग ओढत त्यांच्या पाठीमागून निघाला. आधी तो लाजून सावलीतून चालत होता. मग त्याला कळलं, की लपायचं कारणच नाही. तो लखूजवळ थांबला.

"लखू. आत कोणी नाही रे."

लखूचे डोळे समुद्रावरून हलले नाहीत. "कोण आहे ते?"

"मी. गोमा. वळून बघ."

"भलतंच काय सांगता. आधी झाकून घ्या स्वतःला," लखू म्हणाला. "चांगल्या घरचे दिसता आवाजावरून." मग जरा घुटमळून, हळूच, "थोरले आत्ताच बोलले, ऐकलं नाहीत का?"

गोमा लखूच्या मागच्याकडे गेला. त्याच्याही मागच्याकडे गेला. कोणी डोळे मिटले, कोणी खाकरलं, एका म्हाताऱ्याने "आजकाल काही रीतभात उरली नाही" असं समुद्राला सांगितलं. त्याने सबंध रांग ओलांडली. जी चढायला आयुष्य लागलं ती रांग उतरायला किती थोडी आहे, याचं त्याला नवल वाटलं. शेवटच्या टोकाला एक चिमुकला जीव कवडीत शिरायची खटपट करत होता. गोमा त्याच्याही पाठीमागून गेला. मग मागून आवाज आला: "झालं." आणि सगळ्या माना वळल्या, पण तोवर तो कातळाआड पोचला होता.

मथुराआक्का झऱ्यापाशी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. सरळ, डोळे न वळवता.

"केवढासा राहिलास रे," ती म्हणाली.

तिने वाळू उकरली, तो खाली गेला, ती वर बसली.

खाली काळोख होता आणि ओल होती. किती काळ गेला ते गोमाला सांगता आलं नसतं. जुनी कात पाठीवर उलली, मग पोटाशी, मग एकेका पायातून एकेक पाय ओढून काढावा लागला; नांगी तर अशी अडकली की ती तिथेच राहील असं त्याला वाटलं. अधूनमधून वाळूतून वरचे आवाज झिरपत. लांबवर कोणीतरी ठोकत होतं. कोणीतरी विचारत होतं, "गोमाजीराव थोरले, मुलाला कोणत्या शंखात घालू?" आणि वारा असला की उत्तर येत होतं. गोमा काळोखात पडून स्वतःचा होकार ऐकत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर काटा येत होता. मऊ अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तो वर आला तेव्हा आक्का तिथेच बसून होती. त्याची जुनी कात मागोमाग वर आली होती आणि वाळूवर उभी होती, अख्खीच्या अख्खी, पायांसकट, मिशांसकट, एक नांगी वर उचललेली.

"बघ," आक्का म्हणाली. "अजून ठोकायचं सोडत नाही."

तिने त्याच्यासाठी एक शंख पाहून ठेवला होता. तपकिरी, ओबडधोबड, ओठ झिजलेला. गोमा त्यात शिरला आणि मागे वळून, जुन्या सवयीने, वाळू भरायला जागा कुठे आहे ते चाचपू लागला. जागा नव्हती. सगळीकडे तोच होता.

पुढच्या अमावास्येला दोघं कातळाच्या कडेला जाऊन बसले. रांगेच्या बाहेर बसणाऱ्यांना तिथे कोणी हाकलत नसे. त्यांना कोणी पाहतच नसे. वारा छान होता. लखूजीरावसाहेब दुसऱ्या जागेवर उभा होता आणि त्याच्या शंखाच्या ओठातून वाळूची बारीक धार खाली लागली होती. त्याचे पुढचे पाय पांढरे दिसत होते.

शेजारी एक म्हातारी खेकडीण टेकली. तिने गोमाकडे न बघता त्याच्या शंखाकडे बघितलं. "नाव काय म्हणायचं, बाबा?"

"गोमा."

"चांगलं ठेवलंय," ती म्हणाली. "थोरल्यांच्या नावावरून ठेवलं असणार. या साली खूप जणांनी ठेवलंय."

समोर लखू पुढे झाला. त्याने पांढऱ्या शंखावर ठोकलं आणि अदबीने विचारलं, "गोमाजीराव थोरले, रांग हलवू का?" आतून खोल, लांब आवाज आला. सगळा गाव समुद्राकडे वळला. म्हातारीही वळली. गोमाने आक्काकडे पाहिलं, आक्काने गोमाकडे.

तर मंडळी, उठण्याआधी एक विनंती आहे. घरी गेलात की आत शिरण्याआधी आपल्याच दारावर एकदा बाहेरून ठोका आणि कान लावा. जो आवाज येईल त्याचा हिशेब जसाच्या तसा मांडा: अंगाची बाजू वेगळी, वाळूची बाजू वेगळी. आणि मांडताना समुद्राकडे बघू नका.